ज्या सभागृहाने तुला नाकारलं

दादा, तुझी शोकसभा चांगली झाली. खुर्च्या कमी पडल्या, लोक मागे भिंतीला टेकून उभे राहिले. तुझ्या फोटोला सोनचाफ्याचा हार होता. जो उठला त्याने तुला शेजारधर्म जगलेला माणूस म्हटलं. एकाने तर विश्वबंधुत्वाचा उपासक म्हटलं आणि त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हेही त्या भरात कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

सभागृह तेच. ऐन आंब्याच्या दिवसांत तुला मिळालं नाही, ते. तेव्हा छताची दुरुस्ती निघाली होती म्हणे. मी सभाभर छताकडे बघत होते. कुठेही नवा खिळा दिसला नाही. जळमटं होती, तीही जुनीच.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला मला कष्ट पडणार नाहीत. इतरांबद्दल मात्र आज मी चांगलं लिहिणार नाही, आणि 'जाऊ दे गो, बाय' म्हणून मला थांबवायला तू नाहीस.

पोफळीच्या वीजगृहात तू नोकरीला लागलास तेव्हा मी शाळेत होते. डोंगराच्या पोटात तुझी यंत्रं. मोठ्या हौसेने मला दाखवायला नेलंस आणि मी त्या आवाजाने कानांवर हात ठेवून रडले. तिथून काही वर्षांनी तुला नेपाळमधल्या एका धरणाच्या कामावर पाठवलं. आई सगळ्यांना सांगत सुटली, दादा परदेशी चालला. तू म्हणालास, "परदेश कसला, आई? पासपोर्टसुद्धा लागत नाही."

तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता वाहून गेला आणि तू एका लहान गावात अडकलास. त्यात कावीळ झाली. तुझ्याबरोबर काम करणारा केशव तुला उचलून आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईने तुला कित्येक आठवडे पथ्यावर ठेवलं, अंघोळ घातली, आणि तू चोरून लोणचं खाल्लंस तेव्हा ओरडलीसुद्धा. परत आल्यावर तू हे सांगायचास तेव्हा मी विचारायचे, "तिला मराठी येत नव्हतं, तुला नेपाळी. मग ती ओरडली ते कळलं कसं?" तू म्हणायचास, "आई ओरडते तेव्हा कुणी शब्द ऐकतं का?"

तुझं सगळं तत्त्वज्ञान त्या काविळीतून निघालं, असं मी तुला चिडवायचे. तू म्हणायचास, नद्या त्यांच्याकडून आपल्याकडे येतात, वारे आपल्याकडून त्यांच्याकडे जातात, तारा जोडल्या तर वीजही जाईल. आपण आणि आजूबाजूचे मिळून आठ देशांची ही एकच वस्ती आहे आणि वस्तीतल्या माणसांनी एकमेकांच्या घरी जायला-यायला हवं. मी म्हणायचे, एकाच वस्तीत राहणारे लोक एकमेकांच्या विहिरीत विषही टाकतात. हा वाद आपण जेवताना कितीदा घातला असेल. वहिनी होती तोवर ती ताटं उचलून तो मिटवायची. ती गेल्यावर, आणि माझे यजमान गेल्यावर मी तुझ्या घरात खालच्या मजल्यावर राहायला आले तेव्हापासून, तो मिटवणारं कुणी उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर तू 'शेजार' सुरू केलंस. वर्षातून एक संध्याकाळ, शेजारच्या देशातलं एक माणूस, शेवटी सगळ्यांना चहा. पहिल्या वर्षी केशवच आला. त्याने आपल्या फोनवर त्यांच्याकडच्या एका पक्वान्नाचा फोटो दाखवला: तांदळाच्या पिठीची पारी, आत गूळ आणि तीळ, वर चोच काढलेली, उकडलेली. शेजारच्या शिरीषची बायको उठून म्हणाली, "अहो, हा आमचा मोदकच की. फक्त लांबोडा झालाय." सभागृह हसलं. बायका केशवभोवती कोंडाळं करून पीठ कसं मळतात ते विचारत होत्या आणि तू कोपऱ्यात उभा राहून इतका खूश होतास, जणू तो मोदक तूच शोधून काढला होतास.

पुढे श्रीलंकेच्या एक बाई आल्या. नारळावरच्या रोगांचा त्यांचा अभ्यास होता. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या माडांखाली उभ्या राहून पानांमागची पांढरी माशी बघत त्या म्हणाल्या, आमच्याकडेही हेच चाललंय. त्यांना जेवायला शिरीषने आपल्या बागेत बोलावलं होतं. त्या जेवणाचा फोटो त्याच्या ऑफिसात बरीच वर्षं होता. शिरीषचं सगळं तुला ठाऊकच आहे, पण हे वाचणाऱ्यांना नसेल म्हणून लिहिते: आपल्या कुंपणाला लागून त्याचं घर, भाट्याच्या वर त्याच्या आंब्याच्या बागा, बागांवर नेपाळहून आलेले राखणदार, आणि त्याचा आंबा जातो दुबईला. तुला तो काका म्हणायचा. तुझ्याकडून गणितं शिकला होता.

मग दिवस बदलले. सीमेवर जे व्हायचं ते झालं, पण टीव्हीवर त्याहून जास्त झालं. माणसं सकाळी उठून एकमेकांना मोबाइलवर शत्रू पाठवायला लागली. 'शेजार'ला येणारे कमी होत गेले. आधी घसा दुखायला लागला, मग लग्नं निघायला लागली, मग कारण सांगायचीही गरज उरली नाही. तुला हे दिसत होतं आणि तरीही तू त्याच दिवसांत सुलभाबाईंना शोधून काढलंस. म्हणूनच शोधलंस, असं मला आता वाटतं.

सुलभाबाई कराचीच्या. त्यांचे आजोबा वेळणेश्वरजवळच्या एका वाडीतून बोटीने कराचीला गेले, बंदरात कामाला लागले आणि तिथेच राहिले. फाळणीत त्यांचे भाऊबंद परत आले, ते आले नाहीत. का आले नाहीत, असं तू पहिल्याच फोनवर विचारलंस तेव्हा त्या म्हणाल्या, "आजोबा सांगायचे, फाळणी करताना मला कुणी विचारलं नाही, मग राहताना मी कशाला कुणाला विचारू?" बाईंचं मराठी जुनं होतं, आपल्या आजीच्या पिढीचं, आणि मध्येच उर्दू यायची. "तबियत कशी आहे, भाऊ?" असं विचारायच्या. घरात मराठी, देवळात गुजराती, बाजारात उर्दू, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मुलं नाहीत, एका पुतण्याच्या घरी राहायच्या.

त्यांना एकच हवं होतं, वेळणेश्वर बघायचं होतं. व्हिसा या जन्मी मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून तू मला गाडीत घातलंस, जयगडला फेरीबोटीवर गाडी चढवलीस आणि आपण गेलो. मी वाटभर तुझ्याशी बोलले नाही. तिथे पोचल्यावर तू फोन माझ्या हातात दिलास आणि स्वतः पायजमा वर करून पाण्यात शिरलास, कारण बाई म्हणाल्या होत्या, "पाण्यात हात घाला ना, भाऊ. मला बघायचंय." तू दोन्ही ओंजळी भरून पाणी वर धरलंस. मी फोनच्या पडद्यावर बघितलं तर त्या पदराने डोळे पुसत होत्या. मी तुझ्यावर चिडलेली होते, दादा, पण फोन मी हलू दिला नाही.

देवळात पुजाऱ्याने विचारलं, "कुणाशी बोलताय?" तू सरळ सांगितलंस, "कराचीला." त्याने वाकून फोनकडे बघितलं. मग म्हणाला, "बाईंना सांगा, प्रसाद काही पाठवता येणार नाही, पण त्यांच्या नावाने नारळ ठेवतो. गोत्र काय?" बाईंनी गोत्र सांगितलं. ते त्यांना पाठ होतं. परतताना फेरीबोटीवर तू मला म्हणालास, "बघितलंस? माणसाला सरळ विचारलं की माणूस सरळ वागतो." पुढे प्रकरण वाढल्यावर त्या पुजाऱ्याकडे काही लोक चौकशीला गेले तेव्हा त्याने सांगितलं, मला दुबई म्हणाले होते. हे मी तुला कळू दिलं नव्हतं. आज लिहिते आहे.

त्या फेरीनंतर तू ठरवलंस की यंदाच्या 'शेजार'ला पडद्यावर सुलभाबाई बोलतील. विषय काय तर 'कराचीतलं माझं मराठी घर'. मी त्या रात्री जेवले नाही. माझा निखिल तेव्हा सीमेवरच्या एका ठाण्यावर होता आणि चार-चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

मी म्हटलं, "तुझे शेजारी माझ्या पोरावर गोळ्या झाडतायत, दादा."

"शेजारी नाही गो. त्यांचं सरकार."

"गोळी लागते तेव्हा तिच्यावर सही कुणाची आहे ते वाचायला मिळत नाही."

तू अडकित्ता हातात घेतलास, सुपारी न कातरताच खाली ठेवलास. मग म्हणालास, "म्हणूनच बोलत राहायला पाहिजे. निखिलसाठीच." मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. माझ्या मुलाचा जीव आणि तुझी एक संध्याकाळ यांचा तू असा सहज संबंध लावलास याचा राग माझ्या मनात अजून तसाच आहे. तू गेलास म्हणून तो गेला असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल, आणि खोटं बोलणारे सभेत पुष्कळ होते.

पण पुढे जे झालं त्यात मी कुठे उभं राहायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

पत्रिका वाटल्यावर दोन दिवसांत मंडळी घरी आली. पुढे शिरीष. मी चहा ठेवला. सगळे पडवीत बसले, कुणीच कपाला हात लावला नाही.

शिरीष म्हणाला, "काका, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण देशाचा प्रश्न आला की मग काही बघता येत नाही."

तू विचारलंस, "शिरीष, दुबईत तुझा आंबा कोण घेतो?"

"तो धंदा आहे, काका."

"तो कुठला आहे, विचारतोय."

शिरीषने खिशातला मोबाइल काढून बघितला.

"कराचीचाच आहे ना? तूच सांगितलंस, ईदला त्याने तुला खजुराची पेटी पाठवली. मला चार खजूर तूच आणून दिलेस."

"धंद्यात असं बघत नाहीत."

"मग हा माझा धंदा आहे असं समज," तू म्हणालास. "आणि मी घेतोय कुणाला बोलवून? आपल्याच गावची नात."

त्यांच्यातला एक तरुण, ज्याला मी ओळखत नव्हते, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशींचा मुलगा सैन्यात आहे. निदान त्यांच्या भावना तरी लक्षात घ्या." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तूही बघितलंस, दादा. तुझ्या नजरेत भीती मी त्या एका वेळीच पाहिली. तुला वाटलं, आता मी बोलणार.

मी बोलले. म्हटलं, "माझ्या मुलाचं नाव घ्यायचं असेल तर आधी सांगा, तुमच्यापैकी कुणाकुणाचा मुलगा सैन्यात आहे?" कुणाचाच नव्हता. एकाचा पुण्यात होता, एकाचा कॅनडात. "मग माझ्या घरातलं भांडण माझ्या घरात राहू द्या. चहा गार होतोय."

ते गेल्यावर तू फाटक लावून आलास. मग माझ्या हातातला ट्रे घेतलास आणि सगळे कप स्वतः विसळलेस. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. कप विसळलेस ते मला पुरलं.

दुसऱ्याच दिवशी सभागृहाकडून छताच्या दुरुस्तीचा निरोप आला. तू म्हणालास, मग पडवीत करू. दिवसभर तू खुर्च्या मांडत होतास. शाळेतून आणलेल्या, शेजारच्या वाडीतून आणलेल्या, घरातल्या. संध्याकाळी तुझे पोफळीचे जुने सहकारी जोशीबुवा आले, बाजारातला शिंपी याकूबभाई आला, आणि मी. बाकी खुर्च्यांवर ऊन पडलं होतं, ते हळूहळू उतरलं.

सुलभाबाई फोनच्या पडद्यावर आल्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती, केसात फूल घातलं होतं. बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी विचारलं, "खूप लोक आलेत का, भाऊ?"

तू फोन असा धरला होतास की त्यांना आम्ही तिघंच दिसावं, खुर्च्या दिसू नयेत. तू म्हणालास, "बसायला जागा नाही, सुलभाताई."

त्या खूश होऊन बोलल्या. आजोबांचं सांगितलं, तिथल्या मराठी शाळेचं सांगितलं, गणपतीला चिकणमाती कुठून आणायचे ते सांगितलं. आम्ही तिघांनी शेवटी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. तुझा हात दुखायला लागला होता फोन धरून, पण तू तो खाली केला नाहीस. दादा, आयुष्यात तू एवढं मोठं खोटं बोललेला मला माहीत नाही, आणि तेही इतक्या सहज.

सकाळी आपल्या कुंपणाच्या भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'पाकिस्थानात जा'. मी चुन्याचा डबा शोधायला आत गेले. बाहेर आले तर तू फाटकाला लावायचा लाल रंग आणि ब्रश घेऊन भिंतीसमोर उभा. तू 'स्था' खोडलास, त्यावर 'स्ता' लिहिलास आणि समासात रेघ मारलीस, बाबा शाळेतल्या मुलांच्या वह्यांत मारायचे तशी. मी म्हटलं, "अरे, हे पुसून टाकू या." तू म्हणालास, "राहू दे गो. निदान शुद्ध तरी झालं."

मी हसले तेव्हा. पण त्याचा फोटो गावभर फिरला आणि तुझी चेष्टा लोकांना त्या घोषणेपेक्षा जास्त झोंबली. तू नुसता देशद्रोही होतास तोवर ठीक होतं, आता आगाऊही झालास. शिरीष रोज त्या भिंतीवरून गाडी काढायचा. त्याने ते पुसायला माणूस पाठवला नाही. त्याच्याकडे एवढे गडी असूनही.

भाट्याला सकाळी फिरायला जाणाऱ्या तुझ्या मंडळींनी मग तुझ्याबरोबर चालणं सोडलं. भांडले नाहीत. नुसते पुढे निघून जायला लागले. तू मला म्हणायचास, माझे गुडघे हल्ली हळू चालतात. तुझे गुडघे बरे होते, दादा.

पावसाळा संपता संपता एका सकाळी सुरूच्या बनाशी तू वाळूत पडलास. ते पुढे होते. नंतर त्यातल्या एकाने मला सांगितलं, "आम्ही वळून बघितलं होतं, पण वाटलं, बसलेत." कोल्हापूरकडचं कुणी कुटुंब फिरायला आलं होतं, त्यांच्या बाई धावत तुझ्यापर्यंत पोचल्या. तुझ्या तोंडाला पाणी लावणारा हात अनोळखी होता. डॉक्टर म्हणाले, कुणीही लगेच पोचलं असतं तरी फरक पडला नसता. हे मी मानलं आहे. न मानून मला जगता येणार नाही.

स्मशानात शिरीष सगळ्यांच्या पुढे होता. लाकडं त्यानेच सांगितली, गुरुजींना त्यानेच आणलं. रडलाही. ते नाटक होतं असं मी म्हणणार नाही. त्याने तुला खरोखर काका मानलं होतं, आणि खरोखर भिंत पुसली नव्हती. ही दोन्ही माणसं एकाच शर्टात कशी मावतात ते तुला कळलं असतं कदाचित. मला कळत नाही.

आता शोकसभेचं राहिलेलं सांगते. माझी बोलायची वेळ आली तेव्हा अध्यक्ष माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ताई, तेवढं ते कराचीचं नको. दुःखाचा प्रसंग आहे." मी मान हलवली. ती त्यांनी होकाराची समजली.

मी माइकसमोर गेले आणि म्हटलं, "माझ्या भावाचं आणि माझं पटत नव्हतं. तो म्हणायचा, आपण आणि शेजारचे देश ही एक वस्ती आहे. मी म्हणायचे, नाही. हा वाद घरात होता, रोज होता, आणि त्यात कुणी कुणाची भिंत रंगवली नाही. आंब्याच्या दिवसांत याच सभागृहात तो एका कराचीच्या बाईंना आणणार होता. त्या आपल्या वेळणेश्वरच्या..."

तेवढ्यात माइक बंद पडला. लाइट गेली, कुणीतरी म्हणालं. दादा, डोक्यावर पंखे फिरत होते. तू आयुष्यभर वीजगृहात काढलेला माणूस, तुझ्याच शोकसभेत लाइट गेली आणि पंखे फिरत राहिले.

मी बोलत राहिले. मागच्यांना ऐकू गेलं नसणार. पुढच्या रांगेतल्यांना जात होतं, ते खाली बघत होते. मी सगळं सांगितलं, ओंजळीतल्या पाण्यापासून 'बसायला जागा नाही'पर्यंत. संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. ते बरं झालं. मग दोन मिनिटं शांतता पाळली आणि पसायदान झालं. पसायदानाला माइक चालू होता.

घरी येऊन मी सुलभाबाईंना फोन लावला. तू गेल्याचं त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. कधी, कसा, ते त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "मला भाऊ नव्हता. मी इकडे दहा दिवस सुतक पाळीन. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, एक सांगू? आता फोन करू नका. त्या दिवशी मी बोलले ते इकडे कुणीतरी ऐकलं. पुतण्याच्या दुकानासमोर माणसं उभी राहिली. म्हणाली, तुमची बाई हिंदुस्तानात भाषणं देते. आमच्या दारावर पण लिहिलंय काही. पुतण्या घाबरलाय. तो फोन काढून घेणार आहे माझा."

मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"हिंदुस्तानात जा."

मी त्यांना सांगितलं नाही की आमच्याकडे काय लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "अच्छा, ताई. मेहरबानी." आणि फोन ठेवला त्यांनी. त्यानंतर तो नंबर लागत नाही.

तर दादा, तू म्हणायचास की आपण सगळे एकसारखे आहोत, इकडचे आणि तिकडचे, एका मुशीतले. आहोत. मी आजवर हे मानत नव्हते, ती माझी चूक म्हण. तेच रंग, तोच ब्रश, तेच पुढे निघून जाणं. तू मोदक बघितलास, मला ही भिंत बघायला मिळाली. तुझ्या वस्तीचा पुरावा माझ्याकडे आला तो असा, आणि तो दाखवायला तू नाहीस. मी तुझ्या बाजूची झालेले नाही. पण त्यांच्या बाजूची मी कधीच नव्हते, हे तुला ठाऊक होतं की नाही, एवढं मला तुला विचारायचं राहिलं. कप विसळताना विचारायला हवं होतं.

निखिलला तुझ्या कार्याला येता आलं नाही. रजा मिळाली ती गेल्या आठवड्यात. तुझ्या खोलीत झोपला, तुझे चष्मे बघत बसला. कुठल्या ठाण्यावरून आला ते मी इथे लिहिणार नाही. काल मी त्याला आमटी-भात वाढला तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "आई, आमच्या ठाण्यावरून समोरचं गाव दिसतं. दिवसा शाळा भरते ती ऐकू येते. पोरं पाढे म्हणतात. आपल्यासारखेच, ओढून. त्यांच्यात एकाचा पाढा कायम चुकतो. आमच्यातले एक-दोन जण त्याची वाट बघत बसतात. ज्या दिवशी गोळीबार होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी तर आम्ही सगळेच कान देऊन असतो, तो आवाज येतो का बघायला."

माझा हात वाढता वाढता थांबला. मी विचारलं, "हे तू मामाला का नाही सांगितलंस कधी?"

तो म्हणाला, "मामाने दुसऱ्या दिवशी सभेत सांगितलं असतं."

सांगितलं असतंस, दादा. नाव घेऊन, ठिकाण सांगून, माझ्या पोराची नोकरी घालवून सांगितलं असतंस. म्हणून त्याने सांगितलं नाही, आणि तू ते न ऐकताच गेलास.